करंगळीसाठी दोन इंच

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय धाकटे,

तारीख उजव्या कोपऱ्यात, समास दोन बोटांचा, पहिल्या परिच्छेदात समोरच्याची विचारपूस. मदर सुपिरियरने शिकवलेलं सगळं पाळलं आहे, तेव्हा पत्र न वाचता बाजूला ठेवायला तुला सबब नाही. गुडघे कसे आहेत? दातांचं काम संपलं का? मी ठणठणीत आहे. रक्तदाब वाढला आहे, पण तो आजच वाढला, आणि का वाढला ते खाली येईलच.

वर्षाला एक कार्ड, एवढाच आपला नऊ वर्षांचा व्यवहार. त्यात एकदम हे लांबलचक पत्र कशाला, असं तुला वाटेल. वाटू दे. सात महिन्यांपूर्वी तुझा नवरा गेला तेव्हा मी तुला जे पत्र पाठवलं त्याची नक्कल माझ्याकडे आहे. परवा ती वाचली. पाणीपट्टीची नोटीससुद्धा लोक जास्त मायेने लिहितात. 'आता घर फार शांत वाटत असेल' असंही एक वाक्य त्यात आहे. तीन वर्षांची असल्यापासून जिला ऐकू येत नाही, जिच्या नवऱ्यालाही येत नव्हतं, त्या बाईला मी हे लिहिलं. आता संध्याकाळी तू घरात कुणाशी, म्हणजे तुझे हात... असो.

थंडी वाढली असेल तुझ्याकडे. घाबरू नकोस, मी काही विणत नाहीये.

तर, लॅपटॉप. माझा जुना मे महिन्यात बंद पडला. चिरंजिवांचं म्हणणं, आता तुला फोन पुरे. मी म्हटलं, मला लॅपटॉपच हवा, आणि मोठ्या स्क्रीनचा. त्यावर त्याने ऑफिसातून तीन लिंका पाठवल्या. तिन्ही तेरा इंची.

"हलका आहे, आई. पर्समध्ये बसतो."

"मला लॅपटॉप हवाय, रुमाल नकोय."

"अगं, तुझा रोजचा वापर तो काय? मेल, बातम्या, आमच्याशी गप्पा. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"माझं अंथरूण किती लांब आहे ते तू कधी मोजलंस?" असं विचारून मी फोन ठेवला आणि स्वतःच दुकानात गेले.

दुकानात शिरताच तुझ्या कानांचा हेवा वाटला. छतातून गाणी कोसळत होती, शेजारी चार टीव्हींवर चार वेगवेगळे क्रिकेटचे सामने. लॅपटॉपच्या टेबलाशी एक टायवाले गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, टाय पोटाच्या अर्ध्यात संपलेला.

"या मावशी. स्वतःसाठी बघताय की नातवासाठी?"

"स्वतःसाठी. नातू अजून दात येण्यात गुंतलाय."

"मग चौदा इंच घ्या. रोजच्या वापराला चौदा म्हणजे राजा. तेरा फिरतीवर असणाऱ्यांना, पंधरा-सोळा आकडेमोड करणाऱ्यांना, सतरा खेळ खेळणाऱ्या पोरांना."

"आणि निवृत्त बायकांना?"

"चौदा," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहून, "कधी कधी अकरासुद्धा चालतो."

मी पर्समधून मोजायची टेप काढली. विणकाम सोडलं तरी टेप सुटलेली नाही. चौदा इंची म्हणवणारा तो स्क्रीन आडवा बारा इंच भरला आणि उभा जेमतेम सात.

"उरलेले दोन इंच कुठे गेले?"

"मॅडम," टेप पाहिल्यावर मावशीची मॅडम झाली, "स्क्रीन तिरका मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"का?"

"पद्धत आहे."

"उद्या मी माझी उंची डाव्या टाचेपासून वर केलेल्या उजव्या हाताच्या बोटापर्यंत मोजून सांगितली, तर तुम्ही मानाल?"

ते हसले. माणूस वाईट नाही. मग मी टेबलावरचे सगळे मोजले आणि त्यांनी बिचाऱ्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं. पंधरा पॉइंट सहाचा आडवा साडेतेरा, उभा साडेसात. सोळाचा आडवा तेवढाच, पण उभा साडेआठ. तो वरचा एक इंच मला आवडला. सतराचा मी उचलून पाहिला. खांदा म्हणाला, बाई, हे लग्न जमायचं नाही.

"सोळा कशाला पण?" टायवाले म्हणाले. "नाकापेक्षा मोती जड. व्हिडिओ कॉल करायचाय ना? चेहरा चौदातही मोठा दिसतो. आणि याचा आवाज ऐका, एक नंबर आहे."

"आवाजाचं मला काही नको," मी म्हटलं. "आणि चेहराही नको."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मी मनात म्हटलं, बाई, फार बोललीस. काही न घेता घरी आले आणि रक्तदाब मोजला.

घरी येऊन वाटलं, हे सगळं तावातावाने कुणाला तरी सांगावं. चिरंजीव मीटिंगमध्ये होते. शेजारीण झोपली होती. म्हणून तुला सांगितलं.

सहज विचारते. तुझ्या नवऱ्याच्या फ्रेमच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवायला एक मोठा स्क्रीन होता. तो अजून आहे का? कॅमेरा आहे त्याला?

तुझी
ताई


१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड आलं. पाच ओळी. नऊ वर्षांत एवढं लांब तू मला काही लिहिलं नव्हतंस, तेव्हा तक्रार नाही. ते कार्ड साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलंय, म्हणजे चहा करताना रोज टोचतं.

'ताई, स्क्रीन आहे, कॅमेरा आहे. पण तुझा हिशोब मला कळला नाही. तुझे ओठ मी वाचायचे, माझा आवाज तू ऐकायचास, असंच आपलं चालत आलं. मग मोठा स्क्रीन लागला तर मला लागेल. तुला काय बघायचंय?'

तू लहानपणापासून अशीच. वर्गात सगळ्या मुली उत्तरं पाठ करायच्या आणि तू एक प्रश्न असा विचारायचीस की सिस्टरचा चष्मा घसरायचा.

उत्तर देणार आहे. आज नाही. आज एका फ्रेमची गोष्ट सांगते.

मार्चमध्ये माझ्याकडे रंगाऱ्यांचं काम निघालं. हॉलमधल्या भिंतीवर चिरंजिवांच्या लग्नातला आपल्या दोघींचा फोटो होता, तुझ्या नवऱ्याने फ्रेम करून पाठवलेला. तो लग्नानंतर दोन महिन्यांनी आला होता, तुझा राग पेटलेला असताना. मला तेव्हा वाटलं होतं, बघा, त्याला तरी कळतं, माणुसकी आहे. अक्रोडाची पट्टी, आत पांढऱ्या पुठ्ठ्याची जाड चौकट, चौकटीत दोन बहिणींचे हसरे चेहरे. येणारा-जाणारा म्हणायचा, काय गोड फोटो आहे. मी म्हणायचे, हो ना.

रंगाऱ्याने फ्रेम उतरवताना हातातून सोडली. काच फुटली, पुठ्ठा सुटला आणि फोटो पूर्ण बाहेर आला.

त्या फोटोत आपले चेहरे वरच्या निम्म्या भागात आहेत. खालच्या निम्म्या भागात टेबल आहे, आणि टेबलावर तुझे दोन हात, आणि त्यांच्यावर माझा हात.

तुला आठवण करून द्यायला नको. पण मी लिहिणार, कारण हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही आणि मोठ्याने तर मुळीच बोललेले नाही. लग्नाच्या हॉलमध्ये सुनेकडची सगळी मंडळी होती. तू आणि तुझा नवरा कोपऱ्यातल्या टेबलावर बसून हातांनी बोलत होतात. त्याने काहीतरी विनोद केला असावा. तू हसत होतीस आणि तुझे हात खांद्याच्या वर जात होते. सुनेच्या मावशीने मला विचारलं, "त्यांना काही होतंय का?" मी हसत हसत तुमच्या टेबलाशी आले, तुझ्या शेजारी बसले, तुझे दोन्ही हात धरून टेबलावर ठेवले आणि वर माझा तळवा दाबला. चांगला दाबला. ओठ सावकाश हलवून तुला म्हटलं, "लोक बघताहेत." तेवढ्यात फोटोवाला आला आणि मी कॅमेऱ्याकडे बघून हसले.

तू आइस्क्रीम न खाता निघून गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, तिचं डोकं दुखत होतं.

तुझा नवरा आयुष्यभर चौकटी करत आला. कुठे कापायचं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? पुठ्ठ्याची खिडकी त्याने बरोब्बर अशी कापली होती की चेहरे राहतील आणि हात जातील. त्याने मला वाचवलं, की तुला, की मला एक चपराक पाठवली जी पोचायला नऊ वर्षं लागली? हे त्याला विचारायचं मी ठरवलं होतं. फ्रेम फुटली मार्चमध्ये. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो गेला.

आणि मग मी बसून तुला ते नोटिशीसारखं पत्र लिहिलं, शांततेचं.

काल चिरंजिवांचा पुन्हा फोन. "आई, तेरा इंचीवर सूट संपतेय. घेऊन टाकू का? चेहरे अगदी स्पष्ट दिसतात." मी म्हटलं, "चेहरे दिसतात आणि बाकीचं कापलं जातं, अशी एक चौकट माझ्याकडे होती. ती फुटली. आता दुसरी नको." तो म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना?" मी बरी आहे. बऱ्याच वर्षांनी.

तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं लिहायला मला आणखी दोन आठवडे लागतील, कारण परीक्षा अजून व्हायची आहे.

तुझी
ताई


२ डिसेंबर, मंगळवार

प्रिय धाकटे,

लॅपटॉप घेतला. सोळा इंच, आणि स्क्रीन चकचकीत नाही, मंद. चकचकीतमध्ये माझंच तोंड दिसत होतं. चौतीस वर्षं बहिऱ्या मुलांना उच्चार शिकवताना आरसा धरून बसले. आता आरसे पुरे.

आता उरलेलं उत्तर. खुर्चीत नीट बस.

मी जूनपासून हातांची भाषा शिकते आहे. मंगळवार आणि शुक्रवार, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, पंक्चरच्या सोल्यूशनच्या वासात. वर्गात आठ जण. एक नर्स, एक बँकेतला कारकून, एका बहिऱ्या बाळाचे आईबाप, बाकी कॉलेजातली मुलं. मी त्यांच्या आज्यांहून मोठी. चिरंजिवांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं मी योगासनांना जाते.

शिकवणारी बहिरी आहे. पहिल्या दिवशी मी जिना चढून वर गेले आणि तिने मला पाहिलं. मीही तिला ओळखलं. आपल्या शाळेच्या मागच्या, बहिऱ्या मुलांच्या इमारतीत, मी शिकवायला लागल्यावर दहा-बारा वर्षांनी आलेली, सहा वर्षांची, एक क्षण स्वस्थ न बसणारी. मी तिला खारूताई म्हणायची. आता चाळिशी ओलांडली आहे, केस पिकलेत, पण तशीच भिरभिरी. बाकीचे आले. मग फळ्याकडे वळून तिने वर्गाचा पहिला नियम लिहिला:

'हातांवर बसू नये.'

सगळे हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. मी हसले नाही, कारण ते वाक्य माझं होतं, फक्त तिने ते उलटं केलं होतं. 'हातांवर बसा' हे मी चौतीस वर्षं रोज सकाळी म्हटलं. मुलं दोन्ही हात मांड्यांखाली घालायची आणि मी त्यांच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरून प आणि फ म्हणून घ्यायची. पट्टी हलली की शाबास. मामा, बाबा आणि पापा ओठांवर सारखेच दिसतात हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मुलांचा गोंधळ व्हायचा आणि मी म्हणायची, लक्ष द्या.

गेल्या वर्षी आम्हा जुन्या शिक्षिकांचं संमेलन झालं. एक म्हणाली, "आपण त्या मुलांना बोलतं केलं." मी मान डोलावली होती. या वर्षी बोलावलं तर विचारणार आहे, बोलतं केलं, पण ती मुलं आपसात काय बोलायची ते आपल्यातल्या एकीला तरी कधी कळलं का? पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत. न बोलावोत.

तर, खारूताईच्या वर्गात ऑगस्टमध्ये नावांचा धडा आला. तुमच्यात प्रत्येकाला हातांचं एक नाव असतं, अक्षरांचं नव्हे, एक खूण, त्या माणसाच्या सवयीवरून पडलेली. हे मी तुला सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. तिने प्रत्येकाला एक नाव दिलं. नर्सला मनगटावरचं घड्याळ, कारकुनाला नाकावर सरकवलेला चष्मा. माझ्यापाशी येऊन ती थांबली आणि कागदावर लिहिलं, 'तुम्हाला आधीपासून आहे.'

मी लिहिलं, 'दाखव.'

तिने लिहिलं, 'वाचता आलं की दाखवेन.'

हट्टी आहे. माझ्याच हाताखालून गेलेली, दुसरं काय होणार?

मग मला लॅपटॉप कशाला हवा ते आता तुला कळलं असेल. मला तुझे हात बघायचेत. पण दोन्ही हात डोक्यापासून कमरेपर्यंत दिसायचे तर समोरच्याला कॅमेऱ्यापासून चार पावलं मागे बसावं लागतं, आणि माणूस मागे सरकलं की बोटं मुंगीएवढी होतात. तेरा इंचात चेहरा भरपूर मावतो. बोटं मावत नाहीत. ही गोष्ट ना चिरंजिवांना सुचली ना टायवाल्यांना, आणि मी त्यांना का सांगू? माझा रोजचा वापर काय ते मी ठरवणार.

गेल्या शनिवारी मी खारूताईला घेऊन दुकानात गेले. परीक्षा म्हटलं होतं ती हीच. टायवाले मला पाहून टेप घेऊनच आले. त्यांना मी सांगितलं की ही बाई पलीकडे फ्रिजच्या रांगेत उभी राहून आपल्या फोनवरून कॉल करेल, आणि मी इथे एकेका लॅपटॉपवर तिचे हात वाचून बघेन. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरसारखं," ते म्हणाले, आणि त्यांनी चारही लॅपटॉप ओळीने लावून दिले.

तेरावर मला फक्त हालचाल कळली. चौदावर वाचलं: 'तुमचं. नाव. हे.' आणि मग एक मूठ, वरून दुसऱ्या हाताचा तळवा येऊन तिच्यावर दाबला. झाकण घातल्यासारखा.

मला धक्का बसला असं म्हणणार नाही. मुलांनी मला 'दाबणारी' म्हटलं असेल तर बरोबरच म्हटलं. मी खारूताईला तसाच हात करून दाखवला, समजलं म्हणून. तिने मान हलवली. नाही. पुन्हा.

पंधरा पॉइंट सहावर चित्र मोठं होतं, पण खाली बटणांची काळी पट्टी येते, कॉल बंद करायचं लाल बटण वगैरे, ती नेमकी तिच्या मुठीवर आली. पुन्हा तळवा, पुन्हा दाब. तिने पुन्हा मान हलवली. आता टायवालेही माझ्या खांद्यावरून बघत होते.

सोळावर ती पट्टी खालच्या रिकाम्या जागेत सरकली. तोच तो एक इंच, जो मी टेपने शोधला होता. मूठ आली. तळवा आला, दाबला. आणि दाबलेल्या तळव्याखालून एक करंगळी हळूच बाहेर आली आणि वळवळली.

मी पाहिलं आणि मला खुर्ची लागली. टायवाल्यांनी ती आणून दिली.

"काय म्हणाल्या त्या?" त्यांनी विचारलं.

"माझं नाव," मी म्हटलं.

धाकटे, ती करंगळी खारूताईची नाही. तिने सांगितलं, ती शाळेत आली तेव्हा हे नाव जुनंच होतं. मोठ्या मुलांनी धाकट्यांना द्यायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या. कुणी ठेवलं तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

तू सात वर्षांची होतीस आणि मी बारा. सिस्टर घरी येऊन आईला सांगून गेली की मुलीचे हात घरीसुद्धा गप्प राहिले पाहिजेत, नाहीतर ती बोलायची नाही. आई म्हणाली, हात दाखवून अवलक्षण, आणि तुझी जबाबदारी माझ्याकडे सोपवली. शाळेत मला नुकतंच विणकाम शिकवलं होतं. मी तुला निळे हातमोजे विणले. बोटांचे नाहीत, पिशवीसारखे, चारी बोटं एकत्र कोंडणारे, अंगठ्यालाही वेगळी जागा नसलेले. मनगटाला नाडी. त्यांना शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. उन्हाळ्यातही तू ते घालून बसायचीस आणि शेजारणी म्हणायच्या, बहिणीची किती माया.

दर आठवड्याला त्या मोज्याच्या खालच्या कोपऱ्यात भोक पडायचं. तू दातांनी धागा तोडायचीस. मी ते भोक शिवायची, तू पुन्हा पाडायचीस, बरोब्बर त्याच जागी. आणि मी तुझे हात टेबलावर दाबून बसवले की त्या भोकातून एक करंगळी बाहेर यायची.

मी त्याला उद्धटपणा समजत आले. ती माझं नाव घेत होती.

शनिवारी घरी आल्यावर मी लग्नातला तो फोटो काढला, पुठ्ठ्याशिवायचा, आणि भिंग लावलं. मार्चमध्ये मी त्यात फक्त माझा तळवा पाहिला होता. बाई आपलंच बघते. या वेळी तळव्याच्या खालच्या कडेला पाहिलं. एक करंगळी बाहेर आहे. पंचावन्न वर्षांची, अंगठी नसलेली, टेबलापासून किंचित उचललेली. त्या दिवशी सगळ्या हॉलसमोर तू मला नावाने हाक मारलीस आणि मी कॅमेऱ्याकडे बघून हसले.

मी माफी मागत नाही. माफीची पत्रं कशी लिहायची तेही मदरने शिकवलंय, तीन परिच्छेद, शेवटी देवाचं नाव. ती कुणालाही लिहिता येतात. मी अभ्यास केला आहे, सहा महिने, आठवड्यातून दोन दिवस, गुडघे दुखत असताना जिना चढून. तो तपासून बघ.

चिरंजिवांना रविवारी खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "या वयात, आई? मावशीला तर ओठ वाचता येतात." मी म्हटलं, "तुझ्या मावशीने सत्तावन्न वर्षं माझे ओठ वाचले. आता माझी पाळी." तो मग म्हणाला, "स्क्रीन मोठाच घेतलास ना?" बरा मुलगा आहे, फक्त त्याला चौकटीबाहेर बघायची सवय नाही. ती त्याला कुणी लावली नाही, हेही माझ्याच खात्यावर.

तर आता नीट वाच. १४ तारखेच्या रविवारी दुपारी चार वाजता मी स्क्रीनसमोर बसणार. तू आली नाहीस तर त्याच्या पुढच्या रविवारी बसेन, आणि त्याच्याही पुढच्या. मला दुसरं काम नाही, आणि असलं तरी ते मी बाजूला ठेवीन. दुकानातल्या त्या मोठ्या स्क्रीनपासून चार पावलं मागे खुर्ची ठेव. उजेड समोरून येऊ दे. गडद रंगाचं काहीतरी घाल, म्हणजे हात उठून दिसतात, खारूताईने शिकवलंय. माझ्या ओठांकडे बघू नकोस. मी तोंड मिटून बसणार आहे. हे वाक्य माझ्या हातून लिहिलं जाईल असं आईला कधी वाटलं नसतं.

माझे हात अडखळतील. ह आणि घ मध्ये माझी बोटं अजून गोंधळतात. हसायचं असेल तर हस. चुकलं तर मला थांबव, पट्टी हातात घ्यावीशी वाटली तर घे. पण तुझ्या नवऱ्याबद्दल मला सांग. त्या दिवशी टेबलावर त्याने काय विनोद केला होता ते आधी सांग. तो मी नऊ वर्षं तळव्याखाली दाबून ठेवलाय.

आणि नाव बदलू नकोस. खारूताई म्हणाली, नवीन ठेवता येतं, तुमच्या बहिणीला विचारा. मी नको म्हटलं. ते नाव मी कमावलं आहे आणि तू घडवलं आहेस. दयेने दिलेलं दुसरं मला नको. फक्त एकदा ते तुझ्या हातून बघायचंय, वरून काहीही न दाबता.

सोळा इंचात करंगळी दिसते. मी तपासून घेतलंय.

तुझी,
जिच्या तळव्याखालून दर वेळी तू सुटलीस, ती